गेटच्या बाहेर, गेटच्या आत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पाच जून हा जागतिक पर्यावरण दिन. १९७३ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी आमच्या गोंदिया जिल्ह्यातही शाळा, कचेऱ्या, बँका, कारखाने अशा सगळ्या ठिकाणी झाडे लावली जातात. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले असतात. पाहुणे येतात, रोप खड्ड्यात उतरते, झारीने पाणी घातले जाते, फोटो निघतो. ज्यांनी विदर्भाचा उन्हाळा काढला आहे त्यांना पाच जून म्हणजे काय ते सांगायला नको. रोहिणी तापत असते, मृग लागायला दोन दिवस बाकी असतात आणि खरा पाऊस त्याहूनही लांब असतो. अशा उन्हात कोवळे रोप जमिनीत लावणे म्हणजे त्याला तव्यावर ठेवणे. गंमत अशी, की खड्डा खणणारे हात बहुधा शेतकऱ्याच्या घरचेच असतात. पऱ्हे कधी टाकायचे, रोवणी कधी धरायची, हे त्यांना पंचांग न उघडता कळते. ‘साहेब, हे रोप आषाढात लावा, जगेल,’ असे सांगू शकणारा माणूस तिथेच कुदळ घेऊन उभा असतो. त्याला कुणी विचारत नाही आणि तो आपणहून बोलत नाही.

आज मला त्या न बोलणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीविषयी, ज्याला आता खेड्यापाड्यांतसुद्धा ‘सीएसआर’ म्हणतात त्याविषयी, आपण पुष्कळ ऐकतो. कंपनीने तलाव खोल केला, शाळेला संगणक दिले, रस्त्याच्या कडेला झाडे लावली. गावाला काय मिळाले, याचा हिशेब अहवालांत छापला जातो. पण त्याच कंपनीत आठ तास काम करणाऱ्या माणसावर या सगळ्याचा काय परिणाम होतो? गावात कंपनीने लावलेले झाड पाहून तो कामावर गेल्यावर वाया जाणारी वाफ बंद करतो का? सांडलेले तेल नालीत जाऊ नये म्हणून थांबतो का? की ‘झाडे लावायला कंपनीने माणसे ठेवली आहेत’ असे म्हणून पुढे जातो? प्रश्न साधा दिसतो, उत्तर तितके साधे नाही.

आधी कायद्याचे थोडेसे. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ साली नव्याने झाला. त्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या घरात किंवा त्यापुढे आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची. ही कामे कोणती, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात पर्यावरणाचे रक्षणही आहे. असा खर्च कायद्याने ठरवून देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या देशांत आपली गणना होते. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण याच नियमांत एक कुंपण आहे आणि ते नेमके कारखान्याच्या गेटवर पडते. कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्यासाठी केलेला खर्च यात धरता येत नाही. कायद्याने करावीच लागणारी कामे, म्हणजे धूर गाळणे, सांडपाणी शुद्ध करणे, ही यात मोडत नाहीत. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामेही यात मोडत नाहीत. हे सगळे बरोबरच आहे. नाहीतर कुणीही चिमणीला जाळी बसवून समाजसेवा केल्याचे सांगितले असते. कर्मचाऱ्यांनी या कामांत भाग घ्यावा, त्यातून त्यांना अभिमान वाटेल, असे सरकारी खुलाशात म्हटले आहे. मात्र त्यांनी दिलेल्या वेळाची रुपयांत किंमत करून ती दोन टक्क्यांत दाखवता येत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. हेही रास्त. पण या सगळ्याचा मिळून परिणाम असा होतो, की हिशेबाच्या वहीत जबाबदारी गेटच्या बाहेर राहते आणि काम गेटच्या आत. दोघांची वही वेगळी, साहेब वेगळा, अनेकदा खातेही वेगळे. कामगार मात्र एकच असतो. तो सकाळी गेटमधून आत जातो आणि संध्याकाळी बाहेर येतो.

पूर्वी असे नव्हते. आमच्या विदर्भातलेच उदाहरण देतो. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्या काळी ‘सीएसआर’ हा शब्दही जन्माला आला नव्हता. नागपूरच्या उन्हात, कापसाच्या धुळीत माणसे काम करणार म्हणून टाटांनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि हवेत ओलावा राखण्याची सोय केली, पिण्याच्या पाण्यासाठी गाळणी बसवली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. गिरणीत हजेरी लावणाऱ्यांना आणि चांगले काम करणाऱ्यांना समारंभपूर्वक बक्षिसे मिळत. आजच्या नियमाने पाहिले तर यातले एकही काम सीएसआरच्या खर्चात बसणार नाही, कारण लाभ कर्मचाऱ्यांचा! ती गिरणी आता नाही, तिच्या जागी मॉल उभा आहे. पण टाटांनी सुरुवात कुठून केली ते पाहण्यासारखे आहे. कामगाराच्या दृष्टीने पर्यावरण म्हणजे सगळ्यांत आधी त्याच्या नाकातोंडात जाणारी हवा. जिथे ती हवा नीट असेल तिथेच पर्यावरणाबद्दलचे पुढचे बोलणे त्याला खरे वाटेल. यंत्राशेजारी खोकणाऱ्या माणसाला वाघ वाचवण्याचे पोस्टर दाखवून काय होणार?

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. गोंदिया म्हणजे धान, तलाव, जंगल आणि विडी, अशी जुनी ओळख. त्यात नवी भर पडली ती तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाची. अदानी समूहाच्या या प्रकल्पात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण ३३०० मेगावॉट. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०१४ पर्यंत पाचही चालू झाले. भोवतालच्या गावांत या समूहाच्या फाउंडेशनने तलाव खोल करण्याची, ‘श्री’ पद्धतीने धान लावण्याच्या प्रसाराची कामे केली. ‘श्री’ पद्धत आता अनेकांना माहीत आहे. आठ-बारा दिवसांचे कोवळे रोप, एका जागी एकच, ऐसपैस अंतरावर. बियाणे हेक्टरी चाळीस-पन्नास किलोंऐवजी पाच-सहा किलो. आणि बांधीत पाणी तुंबवून न ठेवता आळीपाळीने ओलावणे आणि सुकू देणे. कमी पाण्यात जास्त धान.

इथे माझ्या मनात एक चित्र उभे राहते. कुठल्या एका कंपनीचे म्हणून सांगत नाही, असे कुठेही असू शकेल. वडील बांधीत पाणी मोजून सोडायला शिकले आहेत. शिकवणारा कंपनीचा माणूस. मुलगा त्याच कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. त्याच्यासमोर एखादा नळ किंवा व्हॉल्व्ह महिनाभर गळतो आहे. वडिलांना जे शिकवले ते मुलाला कुणी शिकवलेले नाही. निदान ‘तुझ्याही हातात पाणी आहे’ असे तरी कुणी म्हटलेले नाही. मग दोघे रात्री एका ताटाशी बसतात तेव्हा कंपनीबद्दल काय बोलत असतील?

मुलाच्या हातात किती असते, याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. मी कला शाखेचा माणूस, पण गुणाकार-भागाकार येतो. ६६० मेगावॉटचा कुठलाही एक संच पूर्ण ताकदीने चालला तर तासाला ६ लाख ६० हजार युनिट वीज तयार होते. आपल्या देशी कोळशावर एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे तासाला चारशे टनांच्या आसपास. आता एखादा वाफेचा व्हॉल्व्ह गळतो, नळ्यांवर राख साचते, गरम पाइपवरचे वेष्टन उघडे पडते, भट्टीत हवेचे प्रमाण थोडे चुकते, आणि या सगळ्यामुळे कोळसा फक्त अर्धा टक्का जास्त जळतो असे धरा. तासाला दोन टन. दिवसाला ४८ टन. त्यातून निघणारा कार्बन वायू सत्तर टनांच्या घरात. एक चांगले वाढलेले झाड वर्षाला साधारण वीस किलो कार्बन वायू शोषते, असे धरतात. म्हणजे त्या एका दिवसाची चूक भरून काढायला साडेतीन हजार झाडांना वर्षभर राबावे लागेल.

झाडे लावू नका असे मी म्हणत नाही. मी कवी आहे, झाडाविरुद्ध बोलून मला कसे चालेल? पण गेटच्या बाहेरच्या वर्षभराच्या वृक्षारोपणापेक्षा गेटच्या आतल्या एका फिटरचे लक्ष जास्त मोलाचे असू शकते, एवढेच या हिशेबातून दिसते. आणि लक्ष ही अशी वस्तू आहे, की ती पगारात विकत मिळत नाही. पगारात हजेरी मिळते.

मग हे लक्ष येते कुठून? याचा जगभर अभ्यास झाला आहे. कंपनी समाजासाठी काही चांगले करते असे दिसले, की कर्मचाऱ्याला आपण तिथे काम करतो याचा अभिमान वाटतो, तो कंपनीला ‘आपली’ मानतो आणि मग कुणी न सांगताही दिवे बंद करतो, कागद वाचवतो, चूक दिसली तर सांगतो, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. यातला कळीचा शब्द ‘आपली’. त्याकडे पुन्हा येईन.

मला या अभ्यासांतले दोन प्रयोग फार आवडले, म्हणून सांगतो. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या तिघांनी हॉटेलांच्या खोल्यांत वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पुन्हा वापरा, असे पाहुण्यांना सांगायचे होते. ‘पर्यावरण वाचवा’ एवढेच लिहिले तेव्हा शंभरातल्या पस्तीसेक जणांनी ऐकले. ‘इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिले तेव्हा चव्वेचाळीस जणांनी. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. माणूस उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे पाहून वागतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. पण त्यांचा पुढचा प्रयोग अधिक मासलेवाईक आहे, तो २०११ चा. एका पाटीवर लिहिले, ‘तुम्ही टॉवेल पुन्हा वापरलात तर आम्ही पर्यावरणासाठी देणगी देऊ.’ फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या पाटीवर लिहिले, ‘तुमच्या वतीने आम्ही आधीच देणगी दिली आहे.’ आता लोक ऐकू लागले. म्हणजे पहिले पाऊल मालकाने उचललेले दिसले पाहिजे. ‘तू कर, मग मी करतो’ हा सौदा झाला. ‘मी केले आहे, आता तुझी पाळी’ याला माणूस जागतो.

पण याच्या उलट बाजूचाही प्रयोग आहे. जॉन लिस्ट आणि फातिमा मोमेनी या अर्थशास्त्रज्ञांनी थोड्या वेळाच्या कामासाठी बरीच माणसे नेमली. त्यांतल्या काहींना सांगितले, की आमची कंपनी धर्मादाय कामाला देणगी देते. त्या गटात कामचुकारपणा कमी होण्याऐवजी वाढला! मानसशास्त्रात याला चांगुलपणाने मिळालेली सूट म्हणतात. पुण्य खात्यावर जमा आहे, मग थोडा खर्च केला तर काय बिघडले, असे मन आतल्या आत म्हणते. सकाळी पूजा किंवा नमाज करून दुकानात मापात मारणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही.

मग खरे काय? मला वाटते, दोन्ही खरे. फरक आहे तो चांगले काम कामाशी जोडलेले आहे की नाही, याचा. हॉटेलात देणगीही पर्यावरणाची आणि टॉवेलही पर्यावरणाचा, म्हणून दुवा जुळला. दुसरीकडे देणगी एका दिशेला आणि काम दुसऱ्या दिशेला. अभ्यासकही असे दोन प्रकार करतात. एक, धंद्यात मुरलेली जबाबदारी, आणि दुसरी, धंद्याच्या कडेला ठेवलेली. लोणच्यात मीठ मुरते आणि ताटाच्या कडेला मीठ वाढलेले असते, तसा हा फरक. कडेचे मीठ काही जण खातात, काही जण तसेच ठेवून उठतात.

माझ्या ओळखीचा कारखाना सांगतो. बी. ए. झाल्यावर काही वर्षे मी इथल्या एका राईस मिलच्या कचेरीत हिशेब लिहीत होतो. गोंदियात राईस मिल काय असते हे सांगायला नको. गावाची हवाच धानाची आहे. मिलमध्ये एक गोष्ट तुम्हाला कधी दिसणार नाही, ती म्हणजे वाया गेलेला दाणा. पोत्यातून सांडलेले धान बाया झाडून गोळा करतात, पाखडतात, पुन्हा पोत्यात भरतात. कणी वेगळी निघते, ती विकली जाते. कोंडा तेलाच्या कारखान्याला जातो. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असते, ते उकडा तांदूळ, म्हणजे आमच्याकडचा उसना, तयार करताना बॉयलरखाली जळते. ज्या वस्तूला भाव आहे तिची काळजी घ्यायला कुणाला शिकवावे लागत नाही.

वाया काय जायचे? ज्याला भाव नव्हता ते. तुसाच्या वजनाचा पुन्हा जवळजवळ पाचवा भाग राख होऊन उरतो. तिचे ढीग साचायचे आणि वाऱ्याने शेजारच्या वस्तीतल्या दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे. धान भिजवलेले आंबूस पाणी नालीत जायचे. धूर तर आभाळाचाच, त्याला मालक नाही. पण बॉयलरवर एक वयस्क माणूस होता. तूस किती टाकायचे, हवा किती सोडायची, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. तो पाळीवर असला की धूर पांढुरका, विरळ. तो रजेवर गेला की चिमणीतून काळा लोट. काळा धूर म्हणजे न जळलेले तूस, म्हणजे वाया गेलेले इंधन. मी वहीत पाहायचो तर त्याच्या पाळीला तूसही कमी लागायचे. मालकांनी त्या काळात देवळाला आणि मशिदीला सारखीच वर्गणी दिली, शाळेला पंखे दिले, आणि माणूस मनाचा चांगला होता. पण आपल्या मिलमधला पर्यावरणाचा खरा जाणकार बॉयलरपुढे घाम पुसत बसला आहे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्या माणसाला इतर बॉयलरवाल्यांपेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नव्हता. त्याने कुणाला आपले काम शिकवावे असेही कुणाच्या मनात आले नाही. तो गेला आणि त्याच्याबरोबर ती विद्याही गेली.

सवयीचेही एक सांगतो. आमच्या लहानपणी मशिदीत वजूसाठी लोटे असायचे. लोट्यात लीटर-दीड लीटर पाणी, त्यात हात, तोंड, पाय सगळे व्हायचे. पुढे नळ आले. आता तोच माणूस, तीच श्रद्धा, पाणी उधळू नये ही तीच शिकवण कानावर पडलेली, पण नळ दोन मिनिटे चालू राहिला की बादली भरते. माणूस बिघडला का? नाही, सोय बदलली. जिथे नळाला दाबून सोडायची तोटी बसवली तिथे पाणी पुन्हा कमी लागू लागले. कारखान्यातही ‘पाणी वाचवा’ या पाटीपेक्षा ही तोटी जास्त बोलते. कंपनीला खरेच काळजी आहे की नाही, हे कामगार पाटीवरून नव्हे, तोटीवरून ओळखतो. आणि साहेबांवरून. रिकाम्या खोलीत एसी चालू असेल, साहेबांची गाडी इंजिन चालू ठेवून पोर्चमध्ये उभी असेल, तर भिंतीवरचे हिरवे पोस्टर हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होतो.

आता तो ‘आपली’ हा शब्द. अभिमानाचे सगळे शास्त्र या शब्दावर उभे आहे आणि आपल्याकडे नेमका तोच शब्द ठिसूळ झाला आहे. मोठ्या कारखान्यांत आज कामगारांचा फार मोठा भाग ठेकेदाराचा असतो. सफाई, राख वाहून नेणे, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, ही कामे, ज्यांचा पर्यावरणाशी सगळ्यांत जवळचा संबंध, बहुतेक ठेक्यावर. त्यांना कामाला लावणारा वेगळा, पगार देणारा वेगळा, आणि ज्याच्या आवारात ते राबतात तो वेगळा. यांतली कोणती कंपनी त्याने आपली म्हणायची? गळणारा व्हॉल्व्ह पाहून तो बोलला तर त्याला शाबासकी मिळेल की ‘तुझे काम कर’ असे ऐकावे लागेल, याची त्याला खात्री नसते. ठेका संपला तर पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही, याचीही नसते. अशा माणसाकडून झाडांवरच्या प्रेमाची अपेक्षा करणे म्हणजे भाडेकरूला घराच्या पायाची डागडुजी करायला सांगण्यासारखे आहे.

मोठ्या कारखान्यांत सुरक्षा समिती असते, तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. माझे साधे म्हणणे आहे, त्या टेबलाशी एक खुर्ची ठेक्यावरच्या कामगाराला द्यावी आणि दर बैठकीला पहिला विषय ठेवावा तो गळतीचा: वाफेच्या, पाण्याच्या, तेलाच्या, राखेच्या. सांगितलेली गळती किती दिवसांत बंद झाली, ते फळ्यावर लिहावे. यासाठी दोन टक्क्यांतला एक पैसाही लागत नाही. सीएसआरच्या झाडांचा कार्यक्रमही याच माणसांना ठरवू द्यावा. कोणते झाड, कुठे आणि कोणत्या नक्षत्रावर, हे ते सांगतील. आमच्या भागात मोह, चार, बेहडा लावा म्हणतील, कारण त्या झाडांचे त्यांच्या घरात काम आहे.

‘आपले’ म्हटल्याने काय होते, हे पाहायचे असेल तर कारखाने सोडून आमच्या जंगलात यावे लागेल. तेंदूपान हाही शंभर वर्षांहून जुना उद्योगच, गोंदियाच्या विडीचा अर्धा जीव त्याच्यात. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने वनोपजाचा व्यापार सरकारच्या ताब्यात आला. जंगलाचे गट लिलावात जायचे, ठेकेदार यायचा, गावकरी मे महिन्याच्या उन्हात पाने तोडायचे, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचे आणि फळीवर मोजून द्यायचे. नवी लुसलुशीत पालवी जास्त यावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपे छाटली जायची आणि रानाला आगी लावल्या जायच्या. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा, तीही आग पसरायची. आग लावणाऱ्याचे हात गावातलेच असत. त्यालाही जंगल प्यारे होते. पण पुढच्या वर्षी हा गट कुणाला जाईल ते त्याला ठाऊक नव्हते, आणि पुढच्या वर्षाच्या रोपट्याचा भाव आजच्या पुड्यात धरलेला नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. २०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शंभरेक ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपान स्वतः विकले. या ग्रामसभांनी स्वतःवर घातलेल्या अटींत दोन महत्त्वाच्या होत्या: झुडपे छाटायची नाहीत आणि आग लावायची नाही. हा नियम कुण्या वनाधिकाऱ्याने पाटीवर लिहून दिलेला नव्हता. ज्यांचे हात पान तोडणार होते त्यांनीच तो सभेत बसून ठरवला. सगळे काही गोड झाले असे नाही. कुठे व्यापाऱ्याने पैसे थकवले, कुठे हिशेबावरून भांडणे झाली, काही गावांना पुन्हा जुन्याच पद्धतीकडे जावेसे वाटले. पण अशा गावांत मार्च-एप्रिलमध्ये रानाच्या दिशेला धूर दिसला, की माणसे हातातले काम टाकून हिरव्या फांद्या घेऊन धावतात. झोडपून आग विझवतात. विझवणाऱ्यांत कालपर्यंत आग लावणारेही असतात. काही ग्रामसभा हंगामाच्या कमाईतला थोडा भाग बाजूला ठेवतात, त्यातून राखणदाराची मजुरी निघते, आणि मोहाखाली पाला पेटवण्याऐवजी जुनी साडी किंवा जाळी बांधून फुले झेलण्याचा प्रयोगही काही ठिकाणी सुरू आहे.